समीक्षाच्या नावच्या चार ओळी

३ सप्टेंबर २०२४, मंगळवार

डॉक्टरांनी अजून महिनाभर वाचायचं नाही असं सांगितलं आहे. लिहायचं नाही असं ते बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर तेही बंद झालं असतं. म्हणून समीक्षाने आणून दिलेल्या दोनशे पानी वहीत मोठ्या अक्षरात लिहिते आहे. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन आज तेरा दिवस झाले. डाव्याचं दिवाळीनंतर.

काल पोळा झाला. आता आमच्याकडे बैल नाहीत, मातीच्या जोडीला ओवाळलं. सागरचे बाबा जाऊन तीन वर्षं झाली. तरी पोळ्याच्या दुपारी माझे कान गोठ्याकडे असतात. हे बैलांना धुताना त्यांच्याशी जितकं बोलायचे तितकं आठवडाभरात माझ्याशी बोलत नसत.

घरात आम्ही चौघं. मुलगा सागर, सून समीक्षा, चार वर्षांची नात प्रेरणा आणि मी. घर मळ्यातच आहे, देऊळगाव राजापासून सहा किलोमीटर. घरामागे दोन शेडनेट आहेत, म्हणजे हिरव्या जाळीचे मोठे मांडव. त्यांत मिरची आहे, पण ती खायची नाही, बियाण्याची. एका कंपनीसाठी आम्ही बियाणं करून देतो. समीक्षा गावातल्या अंगणवाडीची सेविका आहे. सकाळी नेट, मग अंगणवाडी, मग घरोघरच्या भेटी, पाचला परत आली की पुन्हा नेट, मग स्वयंपाक, आणि जेवण झालं की मोबाईलमध्ये मुलांची वजनं भरणं. ती कधी टेकते ते मी अजून पाहिलेलं नाही.

मला सागरने नेटमध्ये पाय ठेवायचा नाही असं बजावलं आहे. बारीक काम, उष्ण हवा, डोळ्याला चालणार नाही म्हणे. तो लहान असताना विहिरीकडे जायचं नाही म्हणून मी त्याला अशीच दटावत होते.

संध्याकाळी मजूर बाया घरी गेल्यावर समीक्षाच्या नावच्या चार ओळी ते दोघं मिळून करतात. पाचला जातात ते साडेसहा-पावणेसातला येतात. चार ओळींना एवढा वेळ! बाया तेवढ्यात आठ ओळी ओढतात. आज बोलून दाखवलं, तर समीक्षा म्हणाली, "तुमच्या लेकाला विचारा आई, त्यांचेच हात चालत नाहीत." सागर कान लाल करून हातपाय धुवायला गेला. कामाचं बोललेलं त्याला अजून लागतं.

५ सप्टेंबर, गुरुवार

आज समीक्षा भाकरी थापता थापता बसल्या जागी पेंगली. तव्यावरची भाकरी जळली. जळकी भाकरी सागरने स्वतःच्या ताटात घेतली. पण मला ते पाहवलं नाही.

मी ठरवलं आहे. तीनपासून सागर पलीकडच्या नेटमध्ये नराच्या झाडांच्या कळ्या गोळा करतो आणि तिथूनच डेअरीवर दूध घालायला जातो. तो पाचनंतरच या नेटमध्ये येतो. तेवढ्यात समीक्षाच्या चार ओळी मी करून टाकीन. तिने पाचला सरळ घरी यावं, चहा घ्यावा, मोबाईलचं काम उजेडी उरकावं.

काम मला येतं. मागची दोन वर्षं केलं आहे. उद्या उमलेल अशी मादीच्या झाडाची कळी आज दुपारी धरायची, चिमट्याने तिच्या पोटातले निळसर केसर काढायचे, देठाला लाल लोकरीचा धागा बांधायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला नराचा पराग लावायचा. जी कळी आधीच फुटली ती तोडून टाकायची, कारण तिने आपलाच पराग घेतलेला असतो. तिचं बियाणं कंपनीला चालत नाही.

समीक्षाला सांगितलं तर ती घाबरली. "यांना कळलं तर मला ओरडतील. आईला कामाला लावलं म्हणतील."

मी म्हटलं, "कळते कशाले? त्याले वाटंन, भेटी लवकर आटपून तूच केल्या. तू नाई सांगायचं, मी नाई सांगायचं."

"पण आई, संध्याकाळी आम्ही..."

"संध्याकाळी तू आराम कर. माही शपथ हाय तुले."

माझं माहेर जळगाव जामोदकडचं, म्हणून माझं हे मले-तुले. चाळीस वर्षांत गेलं नाही. समीक्षा थोडा वेळ चुलीकडे बघत राहिली आणि बरं म्हणाली. बिचारीला आनंद दाखवायचीही ताकद उरली नसावी.

६ सप्टेंबर, शुक्रवार

सुरुवात केली. नववी, दहावी, अकरावी आणि बारावी ओळ. प्रत्येक ओळीच्या तोंडाशी काठीला नावाची पट्टी आहे. काळा चष्मा काढून ठेवावा लागला, त्यातून कळीच दिसत नाही.

फुटलेली फुलं तोडून टाकणं तेवढं जमत नाही. जन्मभर कपाशीचं एक पातं, म्हणजे कळी, गळलं तरी जीव हळहळला, आणि इथे चांगलं पांढरंशुभ्र फूल तोडून मातीत टाकायचं! अगदीच उघडी होती ती टाकली. जी नुसती किलकिली होती त्यांतले केसर काढून धागा बांधला. तेवढ्याने काय होतं?

वंदना बायांची मुकादम आहे. तिने मला पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसली. "काकू, चोरून मिरच्या खायला आल्या का काय?" तिलाही गप्प राहायला सांगितलं आहे.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

काल महालक्ष्म्या उठल्या. घर एकदम रिकामं वाटतं आहे. रिकाम्या घरापेक्षा मला नेट बरं वाटतं. चार वाजता जाळीतून ऊन गाळून येतं. खाली ओली माती, वर हिरवा उजेड. बाया पलीकडच्या टोकाला असतात. मी माझ्या ओळीत बसते आणि यांच्याशी बोलते. मोठ्याने नाही, मनात. आज प्रेरणाने शाळेत कोणता श्लोक म्हटला, डेअरीवाल्याने काय खोड काढली, कोणाचं लग्न ठरलं. तूर राखायला आम्ही जायचो तेव्हाही असंच होतं. मी बोलायची, हे बांधावर बसून ऐकायचे. ऐकायचे की नाही ते देव जाणे, पण उठून जात नसत.

समीक्षाचं काम हलकं व्हावं म्हणून जाते, पण माझाही दिवस बरा जातो हे खरं.

१७ सप्टेंबर, मंगळवार

सागरचं काहीतरी बिनसलं आहे. जेवताना मान वर करत नाही. समीक्षाने वाढायला हात पुढे केला की ताटावर हात आडवा धरतो. आज मला विचारलं, "आई, ती आजकाल नेटमध्ये थांबत नाही काहून? मी जातो तर ओळी झालेल्या, आणि ही घरी."

मी म्हटलं, "काम झालं की थांबून काय करते? तिले घरी बी कामं हायेत."

"हं," म्हणाला.

समीक्षाही तशीच. आता पाचला घरी येते, आयता चहा मिळतो, मोबाईलचं काम सहापर्यंत उरकतं. तरी तोंडावर तेज नाही. उलट आधी दमून येत होती तेव्हा बरी दिसायची. माणसाला सुख दिलं तरी घेता येत नाही ते असं.

सकाळी खिडकीतून पाहिलं, ती पराग लावता लावता माझ्या ओळीतल्या काही कळ्या तोडून ओच्यात टाकत होती. आल्यावर विचारलं तर म्हणाली, "किडक्या होत्या, आई." मला एकही किडकी दिसली नव्हती. पोरीची नजर तरणी आहे.

आज फार वाचावंसं वाटलं. मी शाळेत तिसरीपर्यंतच गेले. लग्न होऊन आले तेव्हा जोडाक्षरं येत नव्हती. हे बाजारातून सामान आणायचे त्याच्या कागदांवर मी वाचायला शिकले. तेव्हाच्या त्या दुकानदाराला कागदाची किंमतच नव्हती. पावशेर गूळ, तोही वर्तमानपत्राच्या चार-चार पानांत बांधलेला. पानंही एकाच दिवसाची, एकामागची एक, तेल न लागलेली. एकदा यांना म्हटलं, तुमचा दुकानदार येडा दिसते. हे म्हणाले, असंल.

२४ सप्टेंबर, मंगळवार

आज यांचं पित्तर. आणि आजच अंगणवाडीत पोषणाचा मोठा कार्यक्रम, तालुक्याहून मॅडम येणार. सागर म्हणाला, "रजा टाक." समीक्षा म्हणाली, "सप्टेंबरमध्ये रजा नाही भेटत. मी पहाटे उठून सगळं करून ठेवते."

तिने केलंही. खीर, वडे, कढी, पाच भाज्या. नऊला ती सेविकेची साडी नेसून निघाली तेव्हा सागर ओट्यावर उभा होता. "बापाच्या पित्तराला सून घरात नाही. भाऊबंद काय म्हणतील?"

"बारा वाजता येते की हो वाढायला."

"ये. सवड भेटली तर ये."

भाऊबंद जेवायला बसले तोवर एक वाजला. ती धावत आली, त्याच साडीत, कपाळावर घाम. पदर खोचून वाढायला लागली. माणिकराव भाऊजी म्हणाले, "वा! आज सरकारच वाढायला आलं म्हणायचं!" सगळे हसले. समीक्षाही हसली. सागर नाही हसला. अर्ध्या तासात ती परत पळाली. संध्याकाळी कळलं की ती मध्येच उठून गेली म्हणून तिकडे मॅडम बोलल्या. इकडे नवरा, तिकडे मॅडम.

मी सागरला म्हटलं, "तुये बाबा जित्तेपणी कधी दोनच्या आत जेवले नाई. त्यायले राग नाई येत."

तो म्हणाला, "तुला नाही समजायचं, आई. माझं पित्तराचं नाहीच."

मग कशाचं आहे, ते विचारेपर्यंत तो नेटकडे निघून गेला.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

आज लिहायला नको वाटतं आहे, पण लिहिते.

पावणेपाचच्या सुमारास मी अकराव्या ओळीत होते. बाहेर मोटारसायकल वाजली. कंपनीचा हर्षल आला, तो पीक तपासायला येतो. त्याच्याबरोबर सागरचाही आवाज. मी चष्मा आणि चिमटा उचलला आणि मागची जाळी वर करून बाहेर सटकले. साठीला टेकलेली बाई, वांगी चोरणाऱ्या पोरासारखी पळाले. जाळीला लागून उभी राहिले. आतलं सगळं ऐकू येत होतं, जाळीच्या जोडातून थोडं दिसतही होतं.

हर्षल कळ्या उलगडून बघत होता. मग म्हणाला, "सागरभाऊ, इकडं या. हे बघा, केसर अर्धेच काढलेत. हिचं तर फूल फुटून गेलेलं, तरी धागा बांधलाय. ही पण. ह्या ओळी कोणाच्या?"

वंदना आपल्या ओळीकडे वळली. हर्षलने पट्टी वाचली. "समीक्षा. वहिनींच्या का? नऊ ते बारा. भाऊ, ह्या चार ओळींतली आजपर्यंतची सगळी फळं तोडा. एक ठेवू नका. यातलं मूठभर बी जरी बाकीच्यात मिसळलं तरी तुमचा अख्खा माल नापास होईल."

तेवढ्यात अंगणवाडीतून परतलेली समीक्षा मोटारसायकल पाहून आत आली. सागरने तिला सगळ्यांसमोर विचारलं. "हे काय करून ठेवलंस? डोळे कुठं होते? मोबाईलात?"

जाळीच्या खाली वीतभर फट आहे. समीक्षाची नजर खाली गेली. माझे पाय तिला दिसले. माझ्या निळ्या चपला ती ओळखते.

ती म्हणाली, "चुकलं माझं."

मी तिथेच उभी होते. जाळी उचलून आत जायचं होतं. मी गेले नाही.

२८ सप्टेंबर, शनिवार

सकाळी चहाला सागर म्हणाला, "अंगणवाडी सोडून दे. दोन डगरींवर पाय नको. तुझं ना इकडं लक्ष, ना तिकडं."

समीक्षा प्रेरणाची वेणी घालत होती. तिने वेणी पुरी केली, रिबिन बांधली, मग म्हणाली, "पहाटे मी मजूर, दहाला सेविका, पाचला सून, सहाला स्वयंपाकीण. ह्यांतलं काय सोडू ते तुम्ही एकदम बोलून टाकलं. पण बायको कोणत्या टायमाची, ते नाही सांगितलं."

"तेच तर म्हणायलो! ती कुठं दिसतच नाही."

"तुम्ही शोधली का?"

सागर कप तसाच ठेवून गेला. प्रेरणा म्हणाली, "आई, काय हरवलं?"

३० सप्टेंबर, सोमवार

समीक्षाने राजीनामा लिहिला आहे. कपाटावरच्या रजिस्टरात घडी करून ठेवला आहे. वाचायची बंदी मोडून मी तो वाचला. "घरगुती अडचणीमुळे" असं लिहिलं आहे. ७ तारखेला, सोमवारी, देऊळगावला महिन्याची बैठक आहे, तिथे देणार. एकदा दिला की ती जागा दुसरीला जाईल. ही नोकरी लागली तेव्हा ती सुलतानपूरला माहेरी गेली होती आणि पत्र दाखवायला तिथून पहिल्या एसटीने आली होती. यांनी तेव्हा पेढे आणले होते. अर्धे त्यांनीच खाल्ले.

मी तिला म्हटलं, "मी सागरले सांगते सारं."

"राहू द्या, आई. तुम्हाला किती बोलतील. डोळ्याचा विषय आहे. आणि आता सांगून काय फरक पडणार? त्यांना मीच नकोशी झाले."

मी आज सांगितलं नाही. का नाही, ते इथे लिहायला हवं. सागर चिडेल याची भीती आहेच. पण त्याहून जास्त ही, की त्यानंतर मला नेट कायमचं बंद होईल. दुपारी तीन ते पाच मी घरात काय करू? वाचता येत नाही. भिंतीवरच्या फोटोशी बोलता येत नाही. फोटोत हे कोणी अनोळखी, टोपी घातलेले आहेत. एका पोरीची नोकरी जाते आहे आणि मी माझ्या दोन तासांचा विचार करते आहे. लिहिलं तर बरं दिसत नाही, पण तसंच आहे.

२ ऑक्टोबर, बुधवार

आज वंदना ताक घ्यायला आली. ओट्यावर बसली आणि म्हणाली, "काकू, एक बोलू का? राग नका मानू."

"बोल."

"तुम्ही त्या ओळी करायला आल्या तवाच मला वाटलं होतं सांगावं. अहो, ते दोघं काय कळ्या करायला जात होते का?"

"मंग कशाले?"

तिने कपाळावर हात मारला. "काकू! तुमच्या घरात दोन खोल्या. एकीत तुम्ही आणि पोरगी, दुसरीत ते दोघं, तर पोरगी तिथं पण मधीच येऊन झोपती. सकाळी समीक्षा पळती, दुपारी सागरभाऊ पळतो. बोलायचं कवा, हसायचं कवा? त्या चार ओळीत काय खुसुखुसू चालायचं! एकदा मी इसरलेला डबा घ्यायला परत आले, तर सागरभाऊ तिला गाणं म्हणून दाखवायला लागलेले. ते पण भसाड्या आवाजात. मी डबा तिथंच सोडून माघारी फिरले. आमच्या माणसानं असं एक डाव जरी गायलं असतं तर मी दहा ओळी जास्तीच्या केल्या असत्या."

ती गेल्यावर मी कितीतरी वेळ ओट्यावर बसून होते. समीक्षाचं काम काढून घेतलं असं मला वाटत होतं. काम तिला पुरून उरलंच होतं. मी काढून घेतलं ते दुसरंच. आणि तिने शपथेखातर तेही दिलं.

सागर गातो हे मला माहीतच नव्हतं.

५ ऑक्टोबर, शनिवार

दोन दिवस घटस्थापनेच्या गडबडीत गेले असं म्हणता येईल, पण खरं म्हणजे धीर होत नव्हता. आज दुपारी जेवताना सांगितलं. समीक्षाही घरी होती.

म्हटलं, "सागर, त्या ओळी मी केल्या. सहा तारखेपासून. फुटकी फुलं तोडवली नाई मले. समीक्षाले मीच शपथ घातली होती."

सागरचा घास हातातच राहिला. "तू? डोळ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला नव्हता, आणि तू कळ्या सोलायला गेलीस? धूळ, औषधाचा फवारा... डोळा गेला असता म्हणजे?"

"गेला नाई."

"गेला नाही म्हणती!" तो उठला, ओट्यापर्यंत गेला, परत आला. मग समीक्षाकडे वळला. आवाज एकदम उतरला होता. "सगळ्यांसमोर मी तुला बोललो. तू तेव्हा पण सांगितलं नाहीस. माझ्याशी खोटं बोललीस काहून?"

समीक्षा म्हणाली, "तुम्ही मला विचारलं कुठं? ती थांबत नाही काहून, हे तुम्ही आईला विचारलं. मला विचारलं असतं तर शपथ मोडली असती मी."

हे खरं आहे. त्याने मलाच विचारलं होतं. आणि तिच्या वतीने उत्तरही मीच दिलं होतं. या घरात त्यांचं बोलणं माझ्यावरून जातं, जसं ओढ्यावरून जायला मधल्या दगडावर पाय द्यावा लागतो. मला वाटायचं दगड आहे म्हणून बरं आहे.

सागर म्हणाला, "मला वाटलं तुला तिथं माझ्याबरोबर थांबायचा कंटाळा आलाय."

"आणि मला वाटलं ओळी झाल्या म्हणून तुम्हाला बरंच वाटलं असंल. एक दिवस तरी हाक मारली का, ओळी झाल्या तरी ये म्हणून?"

दोघंही माझ्याकडे न बघता बोलत होते. मी ताटं उचलून आत गेले. खरकटं काढायला मी आज फार वेळ लावला.

पण संध्याकाळी समीक्षा म्हणाली की सोमवारी कागद देणारच. "ओळींचा प्रश्न नाही, आई. ओळी कोणी बिघडवल्या ते कळलं. पण उद्या प्रेरणाला ताप आला, परवा कुठं पाहुणे आले, की परत हेच. परत मीच सोडायचं. त्यापेक्षा एकदाच सोडलेलं बरं." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

६ ऑक्टोबर, रविवार

आज चार ओळी साफ करायच्या होत्या. हर्षलने सांगितल्यापासून सागर टाळत होता. मी चष्मा लावून त्यांच्या मागे निघाले. सागर म्हणाला, "तू नको."

मी म्हटलं, "म्याच बांधले ते धागे. आजच्या दिवस. चष्मा नाई काढत."

फळं तोडायला नजर लागत नाही. लाल धागा दिसला की ओढायचं. बोटाएवढ्या हिरव्यागार मिरच्या, काही लवंगेएवढ्या. पहिल्या दहा-वीस फळांना जीव तुटला. मग हात चालायला लागला. ज्यांच्यातून धड बी यायचं नाही ती ठेवून झाडाचंच नुकसान, हे वंदनाने मला दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं.

मी नववीत, ते दोघं अकरावी-बारावीत समोरासमोर. फळं बादलीत पडत होती. मग सागर म्हणाला, "दहावी ओळ वंदनाला देऊन टाकू. नववी पण. दोनच ठेव."

"आणि सकाळी?"

"सकाळी प्रेरणाचं मी करीन. वेणी सोडून."

"वेणी पण करा. पोरगी भोपळ्यासारखी दिसली तरी चालंल."

"आणि पाहुणे आले तर?"

"तर तुम्ही वाढा. तुम्हाला हात नाहीत का?"

"माणिककाका काय म्हणतील?"

"म्हणतील, आज शेतकरीच वाढायला आला."

सागर हसला. मला वाटतं पंधरा-वीस दिवसांनी हसला असेल. मग म्हणाला, "पुढच्या साली नेट एकच लावू का?"

"ते पुढच्या साली बोलू. आधी ह्या वर्षाचं बोला. कागद देऊ का नको?"

मी मान वर केली नाही, पण माझा हात थांबला होता. सागर बादलीतली फळं हलवत राहिला. माझ्या जिभेवर आलं होतं, नको देऊ म्हण रे. माझ्यासारखीला कोणी कधी विचारलं नाही, तू तरी हिला काय हवं ते विचार. पण उत्तर देणारी मी कोण?

माझ्या ओळीची सव्वीस झाडं राहिली होती. मी उठले. म्हटलं, "मले दुधाले विरजण लावायचं हाय," आणि निघाले. बादली तिथेच ठेवली. दुपारचे साडेचार वाजले होते, विरजणाची वेळ नव्हती, हे दोघांनाही माहीत असणार. आयुष्यात पहिल्यांदा मी ओळ अर्धी टाकून आले.

घरी येऊन मुद्दाम त्या बाजूच्या खिडकीपाशी बसले नाही. प्रेरणाला घेऊन रस्त्याच्या बाजूला बसले. तिने पाटीवर अ काढला. मी आ काढला. ते दोघं अंधार पडताना आले. काय ठरलं ते मी विचारलं नाही, आणि ते सांगायला आले नाहीत. न सांगण्याचं मला वाईट वाटलं. मग थोड्या वेळाने वाटलं नाही.

७ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी सागरने प्रेरणाची वेणी घातली. एक कानाच्या वर, एक मानेवर. ती तशीच हसत बसली. मग तो समीक्षाला मोटारसायकलवर घेऊन देऊळगावला गेला. नेहमी ती एसटीने जाते. कपाटावरचं रजिस्टर तिने बरोबर नेलं. कागद त्यात होता की नाही ते मी पाहिलं नाही. पाहणं अवघड नव्हतं.

तीन ते पाच फार लांब गेले. नेटकडे पाय वळत होते. यांची आठवण आली तशी ओट्यावर येऊन बसले आणि तिथूनच थोडं बोलले. जमलं. जाळीतल्यासारखं नाही, पण जमलं.

साडेपाचला दोघं आले. समीक्षाने पिशवीतून तीन नवी कोरी रजिस्टरं काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "पुढच्या महिन्यापासून गरोदर बायांची नोंद वेगळी ठेवायची म्हणतात. अजून एक काम वाढलं." ती कुरकुरत होती. मला ती कुरकूर गोड लागली. चहा टाकायला आत गेले तर साखर दोनदा पडली.

चहा पिऊन ते दोघं नेटमध्ये गेले. दोनच ओळी, तरी सात वाजले. जेवणं झाल्यावर पलीकडच्या खोलीत समीक्षा वजनं वाचून दाखवायला बसली आणि सागर मोबाईलमध्ये भरायला. त्याच्या जाड बोटांना ते बारीक आकडे कसे जमणार! मला इकडे ऐकू येत होतं.

"अहो, चोवीस किलो काय लिहिलं? पोरगं दोन वर्षांचं आहे!"

"खातं असंल."

"इकडं द्या तो मोबाईल. सरकार मला नाही, तुम्हाला काढून टाकील."

"मला ठेवलंच कोणी होतं?"

मग ती हसली, आणि नंतर आवाज एकदम बारीक झाले, कोणीतरी ऐकतं आहे हे लक्षात आल्यावर होतात तसे. मी उठले, मधलं दार लोटून घेतलं, आणि टीव्ही लावला. जरा मोठ्यानेच लावला. कुठल्यातरी मालिकेत दोन सासवा भांडत होत्या. मी पाठ करून बसले आणि हे लिहिते आहे. बघायचं मला काहीच नव्हतं.